कणीस छापवाले गंगाराममामा

गंगाराममामा मॅच बघायला यायचे आणि मैदानाकडे पाठ करून उभे राहायचे. पाथरीच्या मैदानाच्या कडेला एक बाभूळ आहे. तिच्याकडे तोंड, खेळाकडे पाठ, डोळे मिटलेले, हात मागे बांधलेले. नवख्या माणसाला वाटायचं, हे म्हातारबा कुणावर तरी रुसलेत. पण चेंडू बॅटवर बसला की त्यांची मान हलायची आणि तोंडातल्या तोंडात निकाल लागायचा. "ही कोरडी पडलीय. तेल पाजा म्हणावं तिला." पुन्हा टप्प. "हां, ही बोलायलीय बगा. शाबास!" ज्याला ही शाबासकी मिळायची तो कित्येकदा झेल देऊन मान खाली घालून परत येत असायचा. मामा त्याला आवर्जून गाठायचे आणि पाठ थोपटायचे. तो बिचारा म्हणायचा, "मामा, आउट झालो की." मामा म्हणायचे, "तू झाला. बॅट कुठं झाली?"

मॅच कोण जिंकलं हे त्यांना घरी जाताना कुणाला तरी विचारावं लागायचं. अर्धा जन्म बॅटी घडवण्यात गेलेल्या या माणसाला एलबीडब्ल्यू म्हणजे काय ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी तीनदा समजावून सांगितलं, दोनदा तर जमिनीवर खडूनं आखून. तिसऱ्यांदा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे चेंडू बॅटीला लागलाच न्हाई ना? मग त्यात आपलं काय काम?" मी खडू खिशात टाकला.

परभणी जिल्ह्यात ज्यानं म्हणून टेनिसच्या चेंडूवर बॅट फिरवली आहे त्याला कणीस छाप सांगावी लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. बॅटीच्या खांद्यापाशी, जिथं मूठ संपून पातं सुरू होतं तिथं, तापल्या लोखंडानं उठवलेला रुपयाएवढा गोल आणि त्या गोलात ज्वारीचं एक उभं कणीस. रंग नाही, चकचकीत कागद नाही, इंग्रजी अक्षर नाही. नुसता करपलेला तपकिरी डाग. त्या डागासाठी पोरं जीव टाकायची. आमच्या इथल्या एका एसटी कंडक्टरनं कणीस छाप बॅटीला खिडकीजवळची जागा दिलेली मी डोळ्यांनी बघितली आहे आणि बॅटीचा मालक दारात लोंबकळत होता. एका गावात दोन भावांची वाटणी झाली. जमीन अर्ध्या दिवसात वाटली, विहीर वाटली, बॅटीवर मात्र अडलं ते सहा महिने. शेवटी दोघं मामांकडे आले. मामांनी दोघांचे पंजे उलटेसुलटे करून बघितले आणि धाकट्याला म्हणाले, "तू घे. ह्याच्या हाताला ती आठवतबी न्हाई." थोरला हिरमुसला, पण बॅट त्यानं धाकट्याच्या हातात दिली. मामांनी हात बघून सांगितलं म्हटल्यावर विषय संपला.

हे हात बघण्याचं मूळ त्यांच्या वडिलांकडे जातं. वडील बैलगाड्या करायचे, तिफणी करायचे, जू करायचे. कणसाचा लोखंडी शिक्का त्यांचा. पण नव्या जुवावर तो शिक्का ते कधी मारत नसत. जू कोरंच द्यायचे. शेतकऱ्यानं ते वर्षभर वापरायचं आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, बैल आणि जू दोन्ही घेऊन यायचं. त्या दिवशी बैलाला कामाची सुट्टी असते, त्याच्या खांद्याला लोणी-हळद चोळतात. वडील त्याच वेळी बैलाच्या खांद्यावरून हात फिरवायचे. सूज नाही, जखम नाही, केस झडलेले नाहीत, अशी खात्री पटली की मग शिक्का तापायचा. जखम दिसली तर जू पुन्हा तासायचे आणि म्हणायचे, पुढच्या पोळ्याला या.

ट्रॅक्टर आले, जू मागणारं कुणी राहिलं नाही. मामांनी बॅटींसाठी विलोचं लाकूड मागवायला सुरुवात केली. ते काश्मीरकडून रेल्वेनं परभणीला यायचं आणि परभणीहून एसटीच्या टपावर बसून पाथरीला. काम बदललं, रीत तीच ठेवली. बॅट कोरी द्यायची. खेळणाऱ्यानं हंगामभर खेळायचं आणि खांदेमळणीला बॅट आणि पंजा दोन्ही घेऊन मामांच्या अंगणात हजर व्हायचं. मामा पंजावर अंगठा दाबत दाबत फिरवायचे. "घट्टा चांगला, फोड वाईट," असं त्यांचं साधं गणित. घट्टा नीट जागी पडला असेल तर शिक्का. भलत्या जागी फोड असेल तर मूठ घासून द्यायची, वजन उतरवायचं आणि पुढच्या वर्षी बोलवायचं. कुणी घाई केली की म्हणायचे, "शिक्का म्हंजे गवाही हाय, राजा. बघितल्याबिगर गवाही कशी देऊ?"

बाकी काही होवो, त्या कणसानं खोटं बोलायचं नाही, ही एकच गोष्ट त्या माणसानं जन्मभर जिवापाड सांभाळली. आणि ती पहिल्यांदा मोडली कुणी? मी.

पाथरीच्या शाळेत क्रीडाशिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, परभणीची होते आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती. शाळेत मुलींचा क्रिकेट संघ होता, पण कागदावर. मी ठरवलं, या मुलींना जिल्हा स्पर्धेत उतरवायचं. मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र घेऊन मी सोनपेठ रस्त्यावरच्या मामांच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेले. आत लाकडाचा भुसा आणि जवसाच्या तेलाचा वास. बुटका, काटक माणूस, कानावर पेन्सिल. मी पत्र पुढे केलं. "सहा बॅटी हव्यात, पंधरा दिवसांत." त्यांनी पत्र न वाचताच मोगरीखाली दाबून ठेवलं आणि म्हणाले, "हात बघू."

"मला ज्योतिष बघायचं नाही," मी म्हटलं.

"मलाबी येत न्हाई," मामा म्हणाले आणि माझा पंजा धरला. अंगठा दाबून बघितला, बोटं वेगळी करून बघितली. "भाकरी थापत न्हाई वाटतं तुमी."

आमची आई हेच रोज बोलायची, पण ती निदान आई होती. मी हात काढून घेतला.

"बोटं लांब हाईत," ते म्हणाले. "आता पोरींना घेऊन या."

"मुलींना कशाला?"

"बॅटी पोरी खेळणार का तुमी?"

आता सहा मुलींना वर्गातून काढायचं, त्यांच्या घरी सांगायचं, इथवर आणायचं. मला कुठला धीर! मी म्हटलं, "मामा, माझाच हात धरा आणि करा. थोड्या लहान करा म्हणजे झालं." त्यांनी माझ्याकडे बघितलं, पत्राकडे बघितलं, डोकं खाजवलं. "बरं," म्हणाले. पण ते 'बरं' काही बरं नव्हतं.

बॅटी पंधरा दिवसांत आल्या. देखण्या, हलक्या, पांढऱ्याशुभ्र. मुली त्या उशाशी घेऊन झोपायला लागल्या. आमची सलामीची खेळाडू रेणुका, आठवीतली, शेतमजुराची मुलगी, तिनं तर आपल्या बॅटीला जुन्या साडीचं पांघरूण शिवलं होतं. सगळं झकास चाललं होतं आणि तेवढ्यात परभणीच्या एका शाळेशी सरावाची मॅच ठरली. त्या मुलींच्या बॅटींवर सोनेरी, लाल, निळे कागद. त्यांच्यातल्या एकीनं आमच्या कोऱ्या बॅटी बघून विचारलं, "ह्या घरीच केल्या का गं?" आणि बाकीच्या खुसूखुसू हसल्या. आमच्या पोरींची तोंडं एवढीशी झाली. जीपमध्ये परत येताना रेणुका म्हणाली, "मॅडम, आपल्याला कणीस कधी मिळणार?"

"पोळ्याला," मी म्हटलं.

"पण स्पर्धा तर पुढच्या आठवड्यात हाय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. अहो, बॅट तीच, लाकूड तेच, घडवणारा तोच. मग एका डागासाठी माझ्या पोरींनी मान खाली का घालायची? मामा त्या आठवड्यात लेकीकडे सोनपेठला गेले होते. मी सरळ त्यांच्या घरी गेले आणि रुक्मिणमामींना सांगितलं, "मामांनी शिक्का शाळेत न्यायला सांगितलाय." मामींनी विचारलंसुद्धा नाही. बाई म्हणजे शिक्षिका, शिक्षिका खोटं कशाला बोलेल? त्यांनी तो फडक्यात गुंडाळून दिला, वर जवसाच्या चटणीची पुडी दिली. चटणी घेताना तरी मला लाज वाटायला हवी होती, पण नाही वाटली.

दुपारी शाळेत जिथं खिचडी शिजते त्या चुलीत मी शिक्का तापवला आणि सहाही बॅटींवर धडाधड मारला. त्यातले दोन उलटे बसले. कणीस डोक्यावर उभं. मुलींना त्याचं काही नव्हतं. त्या नाचल्या, एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मला वाटलं, झालं, आता जिंकलो.

स्पर्धेत पहिली मॅच आम्ही जिंकलोही. त्या परभणीच्या मुली आमच्या बॅटीकडे टकामका बघत होत्या. दुसरीत रेणुका फार चांगली खेळत होती आणि मधेच तिच्या हातातून बॅट सुटायला लागली. एकदा सुटली, दोनदा सुटली, तिसऱ्या वेळी ती आउट झाली आणि आम्ही हरलो. ती बाहेर आली तेव्हा मुठीच्या रबरावर रक्त होतं. मी तिचा पंजा उघडला. तर्जनीच्या खाली दोन फोड फुटलेले, कातडं लोंबत होतं.

"अगं, कधीपासून हे? सांगितलं का नाहीस?"

"बॅट आणल्यापासून," ती म्हणाली. "पण कणीस छाप हाय ना मॅडम. बॅटीत खोट कशी असंल? मला वाटलं माझाच हात कच्चा हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला घेऊन मामांकडे गेले. ते परत आले होते. पहिल्या वाक्यात मी सगळं कबूल केलं, कारण दुसऱ्या वाक्यापर्यंत माझा धीर टिकला नसता. मामींनी कपाळाला हात लावला. मामा मात्र माझ्याकडे बघतच नव्हते. ते रेणुकाचा पंजा हातात घेऊन बसले होते. त्यांनी तिचं ते वाक्य तिच्याकडूनच पुन्हा वदवून घेतलं, "माझाच हात कच्चा हाय." मग त्या तेरा वर्षांच्या मुलीपुढे त्यांनी दोन्ही हात जोडले. "पोरी, माझ्या कणसानं तुला झूटी गवाही दिली. तुझा हात कच्चा न्हाई. माझी मूठ जाड हाय. माफ कर." रेणुका घाबरून माझ्यामागे लपली. मला जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं.

मी म्हटलं, "मामा, मला बोला ना काहीतरी. दोन शिक्के तर उलटे मारलेत मी."

"उलटे मारले त्याचं काय न्हाई, बाई," मामा म्हणाले. "आधी मारले." आणि वर म्हणाले, "माझीबी चूक हाय. तुमचा हात बघून पोरींच्या बॅटी केल्या. 'बरं' म्हणायलाच नको होतं." झालं. एवढंच बोलले. आरडाओरडा केला असता तर मी भांडले तरी असते, माझा स्वभावच तसा आहे. त्यांनी सहाही बॅटींवरची कणसं रंध्यानं काढून टाकली, सहाही मुलींना बोलावून एकेकीचा हात बघितला आणि मुठी नव्यानं घासून दिल्या. मामींनी रेणुकाच्या हाताला हळद लावली आणि मला म्हणाल्या, "चटणी तरी खाल्ली का ती?"

पुढच्या खांदेमळणीला मी सहा मुलींना घेऊन त्या अंगणात उभी होते. तो दिवस बघण्यासारखा असायचा. पावसानं मैदानं चिखलात बुडालेली, खेळ बंद, बॅटी रिकाम्या. परभणीहून, सोनपेठहून, कुठून कुठून माणसं जीपनं, मोटारसायकलवर यायची. शेजारच्या गोठ्यात बैलांचे खांदे मळले जायचे आणि इकडे मामा बॅटींना जवसाचं तेल चोळायचे. त्याच जवसाची चटणी आणि भाकरी मामी सगळ्यांना वाढायच्या. डॉक्टर, हमाल, मास्तर, सगळे एका रांगेत पंजे पसरून बसलेले. आमच्यातल्या पाच जणींना कणीस मिळालं. सहावीला मामा म्हणाले, "अजून एक साल खेळ, बाळ," आणि ती भोकाड पसरून रडली. रेणुकाचा हात त्यांनी सगळ्यांत शेवटी बघितला, अंगठा फिरवला, हसले आणि म्हणाले, "हिला दोन मारता आले असते तर दोन मारले असते." पोरगी दिवसभर तो डाग हुंगत होती.

त्या वर्षी आमचा संघ जिल्ह्यात पहिला आला आणि परभणीचा एक खेळसाहित्याचा व्यापारी मामांकडे आला. पांढरी गाडी, बोटात अंगठ्या. त्याला दरमहा शंभर बॅटी हव्या होत्या, शिक्का मारूनच. लाकूड तो देणार, माणसं तो देणार, मामांनी फक्त कणीस द्यायचं. मी तिथंच होते, मुलींच्या बॅटी घेऊन. मामा म्हणाले, "शेठ, तुमी लग्नाच्या आधी बारसं करायला सांगायलाव." शेठ हसला, पण हटला नाही. "मामा, लोक शिक्का बघून घेतात. खालचं लाकूड कोण बघतंय?" मामा म्हणाले, "म्हणूनच तर, शेठ." आणि त्याला चटणी-भाकरी खाऊ घालून परत पाठवलं. मामींना मात्र वाईट वाटलं. पत्रे गळत होते, आणि शंभर बॅटींत ते बदलले असते. तेव्हा त्या आठ दिवस मामांशी फक्त माझ्यामार्फत बोलत होत्या. "बाई, त्यांना सांगा, चहा झालाय." मामा दोन हातांवर बसलेले.

अशी वीस वर्षं गेली. माझे केस पिकायला लागले, रेणुकाला मुलगी झाली, ती नांदेडला असते. मामांना शुगर निघाली. ती त्यांनी बरेच दिवस मनावर घेतली नाही. मग एकदा मी गेले असताना त्यांनी उकळत्या चहाचा पेला फडकं न घेता उचलला आणि गप्पा मारत तसाच धरून ठेवला. मामी किंचाळल्या तेव्हा त्यांनी हाताकडे बघितलं. बोटं लालबुंद झाली होती. त्यांना काही समजलंच नव्हतं.

त्या वर्षीच्या खांदेमळणीला अंगणात चाळीसेक माणसं होती. बारीक पाऊस, वर ताडपत्री. शिक्का निखाऱ्यात घातलेला. मामांनी पहिला पंजा घेतला, अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला, मग तो पंजा हळूच त्याच्या मालकाच्या मांडीवर ठेवून दिला. म्हणाले, "आज शिक्का न्हाई."

कुणीतरी विचारलं, "का मामा?"

"अंगठ्याला कळंना झालंय."

"असू द्या की. मारा तुमी. आमचा विश्वास हाय."

"तुमचा हाय," मामा म्हणाले. "माझा न्हाई."

बॅटी तशाच चांगल्या होत्या, हे सगळ्यांना माहीत होतं. कुणी उठेना. माझ्या तोंडून निघून गेलं, "मामा, मी बघू का हात?" मागून लगेच कुणीतरी ओरडलं, "आल्या बगा, उलटं कणीस मारणाऱ्या बाई!" आणि अख्खं अंगण हसलं. वीस वर्षं झाली तरी पाथरीत हे कुणी विसरलं नव्हतं. मीही हसले, दुसरं काय करणार? मामा हसले नाहीत. त्यांनी बाजूला सरकून मला पाटावर जागा दिली. "बगा, बाई. तुमाला त्या पोरीचा हात ध्यानात हाय."

मी चाळीस पंजे बघितले. घट्टा, फोड, घट्टा, जुनी जखम, घट्टा. तीन जणांना परत पाठवलं. त्यातला एक गुत्तेदार होता, लय मोठा माणूस, तो तोंड वाकडं करून गेला. मी मान डोलावली की मामा शिक्का उचलायचे. "नक्की का?" असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. मला आदर्श शिक्षक वगैरे काही मिळालेलं नाही आणि माझं तोंड बघता मिळणारही नाही. पण त्या दिवसाचं मला आयुष्यभर पुरेल.

त्याच हिवाळ्यात मामा गेले. सकाळी चहा झाला, रंधा हातात घेतला आणि बसल्या जागीच मान टाकली. वेदना नाहीत, दवाखाना नाही. अंत्ययात्रेला माणसं बॅटी घेऊन आली होती, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

पोळा जवळ आला तसा मामींचा फोन आला. "बाई, त्यांच्या शेवटच्या हंगामातल्या सात बॅटी बाहेर हाईत. माणसं येणार. या." मी गेले. शिक्का तापला. सहा पंजे नीट निघाले, सहा कणसं उमटली, सगळी सरळ. सातवे सोनपेठचे कृषी सहायक गरडसाहेब. गोल गरगरीत, रविवारी संघात यष्टिरक्षण करणारे, हसरे गृहस्थ. त्यांची बॅट मामांनी जायच्या दोनच दिवस आधी पुरी केली होती. मामांच्या हातची शेवटची बॅट. त्यांनी पंजा पुढे केला. तर्जनीच्या खाली फोड.

मी अंगठा पुन्हा फिरवला. फोडच. मूठ केसभर जाड राहिली होती. मामांना अर्ध्या तासाचं काम.

"साहेब, हिला नाही मारता येणार," मी म्हटलं.

"अहो मॅडम, असं काय करायलाव? एवढासा तर फोड हाय. मामांची शेवटची बॅट हाय ही!"

बाकीचेही म्हणायला लागले, मारा हो मॅडम, मामांच्या आठवणीसाठी मारा. शिक्का माझ्या हातात होता, लालभडक. खरं सांगते, मला मारायचा होता. मामांच्या सगळ्या बॅटींवर कणीस आणि शेवटची तेवढी कोरी, हे मला सहन होईना. कुणाचं काय बिघडणार होतं? गरडसाहेब खूश झाले असते, मामींनाही बरं वाटलं असतं. मी मामींकडे बघितलं. त्या निखारे सारखे करत होत्या, वर बघायला तयार नव्हत्या. मी शिक्का बादलीत बुडवला.

गरडसाहेब चिडले. इतका हसरा माणूस, पण चिडला. "मग आता मी काय करू हिचं? दुरुस्त करणारा गेला!"

तेव्हा मला मामा गेल्याचं खरं कळलं. इतके महिने मी दिवसकार्याला गेले, मामींना भेटत राहिले, सगळं रीतसर केलं आणि कळलं ते तेव्हा. सेहेचाळीस वर्षांची बाई, भर अंगणात सगळ्यांसमोर हमसून हमसून रडले. गरडसाहेब बिचारे घाबरले. "मॅडम, ऱ्हाऊ द्या, न्हाई मारला तर न्हाई," असं काहीतरी म्हणायला लागले. मामी उठल्या, शेडमध्ये गेल्या आणि मामांची कानस आणून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली.

"रडून मूठ बारीक व्हत न्हाई," त्या म्हणाल्या. "घासा."

मी जन्मात कधी कानस धरली नव्हती. गरडसाहेबांनी बॅट घट्ट पकडली, मी रबर उतरवलं, दोरा सोडला आणि मुठीचा आतला वेत घासायला सुरुवात केली. मामी समोर बसून शिव्यांची लाखोली वाहत होत्या. "अवं हळू. वेत हाय तो, खुरपं न्हाई. एका बाजूनंच किती घासता? फिरवा की त्याला!" नवरा असताना ज्या बाईनं कधी शेडमध्ये तोंड घातलं नव्हतं तिला सगळं पाठ होतं. दोन तास लागले. मूठ थोडी वाकडीच झाली. गरडसाहेबांनी ती हातात धरून हवेत दोन-चार फटके मारून बघितले आणि म्हणाले, "बरी वाटतीय."

"पुढच्या खांदेमळणीला या," मी म्हटलं.

त्याला आता दहा महिने झाले. परवा सोनपेठच्या आठवडी बाजारात गरडसाहेब दिसले. भाजीच्या गर्दीतून त्यांनी लांबूनच हात उंच केला, पंजा उघडला आणि बोटांनी तळव्याकडे दाखवत ओरडले, "मॅडम, बगा! घट्टा पडायलाय!" सगळा बाजार आमच्याकडे बघायला लागला.

मी पण तिथूनच ओरडून सांगितलं, "असं लांबून नाही कळत, साहेब. खांदेमळणीला या."